गाडीला नाव ठेवा, नावं ठेवू नका (निगा, टोपणनावं आणि दिवाणी-फौजदारी)

चाकोरी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज बसलोय लिहायला, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या गाडीचं नाव मनी. घेतली तेव्हा लेक चार वर्षांची होती, इंजिन चालू केलं की बॉनेटला कान लावून म्हणायची मांजर गुरगुरतंय, तेव्हापासून मनीच. नाव पडल्यावर घरात एक बदल झाला बघा, "गाडीतून कसला तरी आवाज येतोय" असं कोणी म्हणेना, "मनीला आज खोकला झालाय" म्हणायला लागले, आणि खोकला म्हटलं की माणूस पुढच्या महिन्यावर ढकलत नाही. माझं ठाम मत आहे की ज्या गाडीला घरात नाव असतं तिची निगा जास्त नीट राहते, कारण तिचा नेहमीचा आवाज, नेहमीचा वास, ब्रेक दाबल्यावर पायाला लागणारी नेहमीची जाणीव हे सगळं ओळखीचं झालेलं असतं आणि त्यात फरक पडला की लगेच कळतं.

दुसरी गोष्ट वही. ग्लव्ह बॉक्समध्ये एक शंभर पानी वही आहे, पेन हरवतं म्हणून दोऱ्याने बांधलंय. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणी केलं, आणि पावती त्याच पानाला टाचलेली, बास. एकदा ऑइल बदलून झाल्यावर हात न पुसताच लिहायला घेतलं, त्या पानावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलाय तो अजून तसाच आहे. हा धागा त्या ठशामुळेच काढतोय.

चार वर्षांपूर्वी मनी लाल सिग्नलला उभी होती. पुढे एक स्कूटरवाले गृहस्थ. मागून एक गाडी आली ती थेट आदळली, मनी पुढे ढकलली गेली, आणि स्कूटरवाल्यांचा पाय मोडला. मला मुका मार. नंतरच्या काही महिन्यांत घरी दोन कागद आले. पहिल्यात मी साक्षीदार, फौजदारी खटला, सरकार विरुद्ध मागच्या गाडीचा चालक. दुसऱ्यात मी प्रतिवादी क्रमांक दोन! दिवाणी दावा, स्कूटरवाल्यांनी भरपाई मागितलेली, प्रतिवादी क्रमांक एक मागचा चालक. धडक एकच, तीन-चार सेकंदांची, आणि मी एका कोर्टात साक्षीदार तर दुसऱ्या कोर्टात उत्तर देणारा. मला तर वाटलं कारकुनाने नाव चुकीच्या रकान्यात लिहिलंय, विमा कंपनीच्या माणसाने समजावलं तेव्हा कळलं की हे असंच असतं.

मागच्या चालकाचं म्हणणं काय, तर मनीचे ब्रेक लाइट लागतच नव्हते आणि मी एकदम थांबलो म्हणून त्याला कळलं नाही. आणि वहीत धडकेच्या अकरा दिवस आधीची नोंद: "ऑइल, ऑइल फिल्टर, मागचा डावा ब्रेक लाइट बल्ब नवा, दोन्ही लावून पाहिले." शेजारी अंगठ्याचा ठसा, पानाला पावती.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण आधी तुमच्याकडून ऐकायचंय, गाडीला काय नाव आहे, निगेच्या सवयी काय आहेत, आणि कायद्यातलं कळणारं कोणी असेल तर दिवाणी-फौजदारीचा फरक साध्या भाषेत सांगा, मला तेव्हा सांगणारं कोणी भेटलं असतं तर कितीतरी रात्री झोप लागली असती.

अबोली:

आमची खारूताई! छोटी आहे आणि कुठूनही सुळकन निघते म्हणून. दादा वहीची कल्पना फार आवडली. एक विचारू का, डॅशबोर्डवर मधेच अलादिनच्या दिव्यासारखं लाल चित्र लागतं आणि जातं, वळणावर जास्त. घरी म्हणतात सर्व्हिसिंग जवळ आलंय म्हणून. खरंय का?

स्पॅनर:

अबोलीताई, आधी गाडी बाजूला घ्या आणि मग वाचा.

तो अलादिनचा दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर. सर्व्हिसिंगची आठवण नाही ती. वळणावर लागतो म्हणजे खाली ऑइल इतकं कमी झालंय की गाडी कलंडली की पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा जाते. इंजिनात बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा केसापेक्षा बारीक थर असतो, त्या थरावर सगळं तरंगत असतं. तो गेला की लोखंड लोखंडावर घासतं, आणि मग दुरुस्ती नसते, इंजिनच उतरवावं लागतं. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, एवढं एक लक्षात ठेवलं तरी गाडी निम्मी वाचते.

ऑइल बघायची पद्धत सांगतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. इंजिनात खोचलेली ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढा, फडक्याने कोरडी पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढलेली पट्टी खोटं सांगते, दुसऱ्यांदा काढलेली खरं. दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं घालत परत बघायचं, जास्त ओतून "असू दे" म्हणायचं नाही, वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं की फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलला तर ऑइल लगेच काळं होतं. पण पांढुरकं, फेसाळ, गढूळ दिसलं तर आत पाणी जातंय, गाडी चालवू नका.

मी तीसएक वर्षं गॅरेजमध्ये काढली. माझा अनुभव असा की लोक गाडी धुण्यावर जितका वेळ घालवतात त्याच्या चौथ्या हिश्शात गाडीची खरी निगा होते. टायरचंच बघा. हवा टायर थंड असताना तपासायची, चालवून आल्यावर हवा तापून फुगलेली असते, आकडा जास्त दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत चिकटवलेलं असतं. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा असतो तो त्या टायरला जास्तीत जास्त किती सोसतं त्याचा, तितकी भरायची नाही, हे मी माझ्या आयुष्यात हजार लोकांना तरी सांगितलं असेल. नक्षीच्या खाचेत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खोली १.६ मिमी राहिली, म्हणजे टायर संपला. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर काही बोलत नाही, पावसात एकदम बोलतो. आणि टायरला वय पण असतं. बाजूला अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होऊन तडकतं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दर दोन वर्षांनी बदलायचं. ओलावा शिरला की उतारावर ब्रेक तापतात, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. बॅटरी काढताना आधी वजा टोकाची वायर सोडवायची, बसवताना ती शेवटी जोडायची. टोकांवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कोणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, माझ्या डाव्या हातावर त्याची खूण आहे.

अबोली:

काका खूप आभार!! पट्टीला टोकाशी जेमतेम ओल लागली होती, खालच्या खुणेच्या पण खाली. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलंय, तोवर खारूताई जागची हलणार नाही.

निवांत:

वाचतोय. पण एक समजलं नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे एकाच अपघातासाठी दोन दोन पायऱ्या? एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा देता येत नाही असं ऐकलं होतं, मग त्या मागच्या माणसावर दोन केस कशा?

तळटीप:

निवांतजी, म्हण खरी आहे, पण ती पायरी चढणं दर वेळी आपल्या हातात नसतं. चाकोरीदादा सिग्नलला उभे होते, त्यांनी कुठे ठरवलं होतं.

मी वकिली करते. देशोदेशी तपशील वेगळे आहेत, पण सांगाडा पुष्कळ ठिकाणी सारखा आहे तेवढाच सांगते. फौजदारी खटल्यात प्रश्न असा असतो की समाजाने घालून दिलेला नियम या माणसाने मोडला का, आणि मोडला असेल तर शिक्षा काय. म्हणून तिथे एका बाजूला सरकार असतं, स्कूटरवाले नसतात. त्यांचा पाय मोडलाय, पण त्या खटल्यात ते साक्षीदार. "जाऊ दे, माझी तक्रार नाही" असं म्हणून त्यांना गंभीर खटला परस्पर संपवता येत नाही. दिवाणीत प्रश्न वेगळा: पाय मोडला, औषधपाणी झालं, काम बुडालं, हे नुकसान कोणी भरून द्यायचं. तिथे मालक स्कूटरवाले, म्हणजे वादी. दावा लावायचा की नाही, तडजोड करायची की नाही, मागे घ्यायचा की नाही, सगळं त्यांच्या हातात. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही हे तुमचं बरोबर आहे, पण भरपाई ही शिक्षा नाही, ती नुकसानाची भरती आहे, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालू शकतात. फ्रान्ससारख्या काही देशांत तर ज्याचं नुकसान झालं त्याला फौजदारी खटल्यातच पक्षकार होऊन भरपाई मागता येते.

आता सगळ्यात मोठा फरक, पुरावा किती लागतो. फौजदारीत आरोपीचं स्वातंत्र्य पणाला असतं म्हणून वाजवी संशयाला जागा राहणार नाही इतका पुरावा लागतो, तो सरकार पक्षाने द्यायचा, आरोपीने तोंड उघडलं नाही तरी चालतं. शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये, हे आपण ऐकत आलोय ते याच्याचबद्दल. दिवाणीत दोन्ही बाजू पारड्यात टाकायच्या, ज्याचं पारडं थोडं जरी खाली गेलं त्याचं म्हणणं मान्य. म्हणून एकाच घटनेत फौजदारीत सुटका आणि दिवाणीत भरपाई, असे दोन निकाल लागू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

दिवाणीची वाट साधारण अशी. आधी बहुतेक वेळा नोटीस. मग दावा, तोही मुदतीत, मुदत गेली की कितीही खरी बाजू असली तरी दार बंद. मग समन्स. समन्स आलं की कपाटात ठेवायचं नाही, ही माझी हात जोडून विनंती आहे, कारण तुम्ही हजरच झाला नाहीत तर एकतर्फी निकाल होऊ शकतो आणि मग तो फिरवायला दुप्पट त्रास. मग लेखी कैफियत, म्हणजे तुमचं उत्तर. त्यातून कोर्ट मुद्दे काढतं, भांडण नेमकं कशावर आहे ते. मग साक्षीपुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल. आणि निकाल लागला म्हणजे पैसे हातात आले असं नाही हं, समोरच्याने दिले नाहीत तर वसुलीसाठी दरखास्त वेगळी लावावी लागते. हे अशिलाला सांगताना मला दर वेळी जड जातं.

फौजदारीत तक्रार किंवा फिर्याद, तपास, दोषारोप, आरोप मान्य आहे का असं आरोपीला विचारणं, मग साक्षीपुरावा आणि निकाल. दोषी ठरला तर शिक्षेवर वेगळं ऐकून घेतात. मधे कुठेतरी जामीन. लोक जामीन म्हणजे सुटला असं समजतात, तसं नाहीये, खटला चालूच असतो, फक्त तोवर माणूस बाहेर राहतो.

निवांत:

ताई एक नंबर समजावलंत. पण एका कोर्टात सुटला आणि दुसऱ्यात अडकला असं खरंच होतं का, की पुस्तकातच?

तळटीप:

जगाला माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेचा माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचं. १७ जून १९९४ ला तो बसलेल्या पांढऱ्या फोर्ड ब्राँको गाडीमागे पोलिसांच्या गाड्यांची रांग लागलेली लोकांनी टीव्हीवर थेट पाहिली. माजी पत्नी निकोल आणि रॉन गोल्डमन यांच्या खुनाच्या आरोपातून ज्युरीने त्याला ३ ऑक्टोबर १९९५ ला निर्दोष सोडलं. दोन्ही कुटुंबांनी दिवाणी दावा लावला होता, त्यात फेब्रुवारी १९९७ मध्ये दुसऱ्या ज्युरीने त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरलं, एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर. फौजदारीत तो साक्षीच्या पिंजऱ्यात आलाच नव्हता, दिवाणीत त्याला उत्तरं द्यावी लागली. आणि दरखास्तीबद्दल वर लिहिलं ते इथेही, एप्रिल २०२४ मध्ये तो वारला तोवर त्यातली बहुतेक रक्कम वसूल झालीच नव्हती.

दुपार:

मी टोपणनावांसाठी आले होते आणि कोर्टात अडकले, पण छान चाललंय.

फोक्सवॅगनच्या त्या गोल गाडीचं बघा, जर्मनीत केफर म्हणजे भुंगेरा, फ्रान्समध्ये कॉक्सिनेल म्हणजे ठिपकेवाला लाल किडा, ब्राझीलमध्ये फुस्का, मेक्सिकोत व्होचो. शेवटची गाडी २००३ साली मेक्सिकोत बनली, एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर, आणि प्रत्येक देशाने तिला आपलंच नाव दिलं. इटलीत १९३६ साली आलेली पहिली फियाट ५०० तोपोलिनो, म्हणजे पिटुकला उंदीर. फोर्ड मॉडेल टी टिन लिझी. पूर्व जर्मनीची ट्राबांट, तिचं अंग धातूच्या पत्र्याचं नव्हतं, कापसाच्या धाग्यात राळ घालून दाबलेलं, तिला लोक रेसिंगचा पुठ्ठा म्हणायचे, तेच लोक लाडाने ट्राबी पण म्हणायचे. मला हे फार हृद्य वाटतं, नावं ठेवणारी पण तीच माणसं आणि नाव ठेवणारी पण तीच.

आणि आपण रोज बोलतो ते शब्द तरी काय आहेत. स्टेपनी! वेल्समधल्या लानेथली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, तिथे १९०४ साली जादा चाक बनवायला सुरुवात झाली, तेव्हा गाड्यांना स्पेअर चाक नसायचंच. ती कंपनी गेली, आपल्या तोंडी रस्त्याचं नाव राहिलं. डॅशबोर्ड म्हणजे घोडागाडीच्या पुढची फळी, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अंगावर येऊ नये म्हणून. बॉनेट म्हणजे टोपी. डिकी म्हणजे जुन्या गाड्यांना मागे उघडून बसायची सीट असायची, तिचं नाव.

स्पॅनर:

दुपारताई हे स्टेपनीचं माहीत नव्हतं, इतकी वर्षं हाताळली. पण आता सांगतोच, सगळ्यात दुर्लक्षित चाक तेच. चार चाकांत हवा भरून घेतात आणि पाचवं विसरतात, रात्री पंक्चर झाली की काढतात तर तेही बसलेलं. आणि चाक बदलल्यावर नट चांदणीसारखे एकाआड एक आवळा, गोल फिरत एकामागून एक नको, चाक तिरकं बसतं. थोडं चालवून परत एकदा आवळून बघा.

तळटीप:

काका, चाकावरून आठवलं, माझ्या आवडीचा खटला. १९१६ सालचा, मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक, न्यूयॉर्कचा. चाकाचे आरे लाकडी असायचे तेव्हा. मॅकफर्सन यांच्या गाडीच्या चाकाचे आरे मोडले, गाडी कोसळली, ते बाहेर फेकले गेले. कंपनी म्हणाली गाडी तुम्ही विक्रेत्याकडून घेतलीत, तुमचा आमचा करारच नाही, आणि चाक तर आम्ही दुसऱ्याकडून आणलं होतं. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हे मानलं नाही. जी वस्तू हलगर्जीने बनवली तर जिवावर बेतू शकते, ती बनवणाऱ्यावर वापरणाऱ्याची जबाबदारी येते, करार असो नसो, आणि चाक बसवण्याआधी ते तपासून घ्यायला हवं होतं. आज आपण कंपनीला जाब विचारू शकतो त्यामागे ते मोडलेलं लाकडी चाक आहे.

दुपार:

अरे वा. मग लिंबू पण सांगा ना. इंग्रजीत सतत बिघडणाऱ्या गाडीला लेमन म्हणतात आणि त्या नावाचा कायदाच आहे म्हणे?

तळटीप:

हो, अमेरिकेत. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने पहिला केला, मग इतर राज्यांनी. नवी गाडी ठराविक मुदतीत, वाजवी वेळा दुरुस्तीला नेऊनही तोच मोठा दोष गेला नाही तर बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, असा त्याचा गाभा. आणि किती वेळा नेली हे सिद्ध कशाने करायचं? पावत्यांनी. परत वहीच.

अबोली:

ताई मला एक खटकतंय. उद्या मी वहीत लिहिलं "ब्रेकचा आवाज येतोय, पुढच्या महिन्यात बघू" आणि मधेच काही झालं, तर हीच वही माझ्यावर उलटणार ना? मग न लिहिलेलं बरं नाही का?

तळटीप:

अबोली, फार नेमकं विचारलंस. हो, उलटू शकते. नुसतं दुर्लक्ष झालं हे वेगळं, आणि ब्रेक खराब आहेत हे माहीत असून गाडी रस्त्यावर आणली हे वेगळं. पहिलं साधारण दिवाणी भरपाईपुरतं राहील, दुसरं बेदरकारपणाकडे झुकतं आणि तिथून फौजदारी सुरू होते. पण त्यावर उपाय न लिहिणं नाही, ब्रेक दुरुस्त करणं आहे. तू लिहिलं नाहीस तरी मेकॅनिकने ऐकलेलं असतं, शेजारी बसणाऱ्याने ऐकलेलं असतं, झिजलेलं पॅड स्वतःच सांगतं.

आणि कोणी विचारायच्या आधीच सांगते, मागच्या तारखेने नोंद घालायची नाही, पान फाडायचं नाही. खोटा पुरावा तयार करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. साध्या नुकसानभरपाईच्या दाव्यातला माणूस त्यापायी आरोपी झालेला मी पाहिलाय. वहीची किंमत ती त्या त्या वेळी, काही घडायच्या आधी, भांडणाचा विचारही मनात नसताना लिहिलेली असते म्हणून असते.

अजून एक, आपली चूक निघाली तरी सगळं जातं असं नाही. इंग्लंडमध्ये १९७५ साली फ्रूम विरुद्ध बुचर मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी ठरवून दिलं की सीट बेल्ट लावला नव्हता आणि लावला असता तर इजा झालीच नसती, तर भरपाईतून २५ टक्के कापायचे, कमी झाली असती तर १५ टक्के, काहीच फरक पडला नसता तर काही कापायचं नाही. धडक दुसऱ्याने मारली तरी आपला वाटा आपल्याकडे.

निवांत:

चाकोरी दादा, आता सांगा राव पुढचं. अंगठ्याचं काय झालं?

चाकोरी:

सांगतो. तळटीप ताईंनी लिहिलं ते वाचताना एकेक पायरी परत डोळ्यांपुढे आली.

दिवाणीत माझी साक्ष होती. वही कोर्टात दाखल केलेली, तिच्यावर नंबर पडलेला, ती वही परक्यासारखी टेबलावर बघून कसंतरीच झालं. समोरच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. आवाज चढवला नाही, अगदी शांत. वही कधी घेतली, पेन तेच का, या पानाची शाई त्या पानापेक्षा गडद का. मी म्हटलं रिफील बदलली. मग त्यांनी ठशावर बोट ठेवलं, हे काय. म्हटलं माझा अंगठा, ऑइल बदललं होतं त्या दिवशी, हात पुसले नव्हते. न्यायाधीशांनी वही हातात घेतली, पान उजेडाकडे धरलं. ऑइल कागदात मुरून मागच्या पानावर उतरलं होतं, आणि त्या मागच्या पानावर धडकेच्या चार दिवस आधीची हवा भरल्याची नोंद, त्या डागाच्या वरूनच लिहिलेली, पेन तेलकट जागेवर उमटलं नव्हतं म्हणून दोन अक्षरं परत गिरवलेली. शेवटी वकील म्हणाले ही नोंद तुम्ही अपघातानंतर लिहिली. माझ्या जबानीत टंकलं गेलं, "हे म्हणणे खरे नाही की सदरची नोंद मी अपघातानंतर केली." ते वाक्य मला आजही पाठ आहे.

नुसत्या वहीवर नाही झालं हं, गॅरेजवाल्याची पावती होती, तो स्वतः येऊन सांगून गेला, आणि स्कूटरवाले स्वतः म्हणाले की सिग्नल लाल होऊन बराच वेळ झाला होता. दिवाणीत पूर्ण जबाबदारी मागच्या चालकावर, माझं नाव सुटलं, भरपाई त्या चालकाच्या विमा कंपनीने दिली.

फौजदारीत तो सुटला. संशयाचा फायदा. दुसरा एक साक्षीदार आधी म्हणाला होता की चालक मोबाइलवर होता, कोर्टात म्हणाला नक्की आठवत नाही. मी स्वतः मागे बघितलेलंच नव्हतं, मी तेवढंच सांगितलं जेवढं मला माहीत होतं. तेव्हा निकाल ऐकून खूप चिडलो होतो, घरी आल्यावर जेवलो नाही. आज तितकं वाटत नाही. त्या पिंजऱ्यात मी असतो आणि "नक्की आठवत नाही" एवढ्यावर मला आत टाकलं असतं तर?

एक राहिलंच. दिवाणीच्या एका तारखेला बाहेर बाकावर स्कूटरवाले शेजारी बसले होते, काठी घेऊन. मीच विचारलं पाय कसा आहे. म्हणाले पावसाळ्यात दुखतो, आणि मग म्हणाले तुमच्यावर राग नव्हता हो, वकील म्हणाले ज्यांच्या ज्यांच्या गाड्या होत्या त्या सगळ्यांना पक्षकार करावं लागतं, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. दोन वर्षं मी त्या माणसाला मनात शत्रू धरून बसलो होतो. त्या दिवशी आम्ही अर्धा तास स्कूटरच्या क्लच केबलवर बोललो.

तळटीप:

वकिलांनी त्यांना बरोबर सल्ला दिला होता. आणि दादा, जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलंत हे फार थोडे साक्षीदार करतात.

अबोली:

मेकॅनिक येऊन गेला. ड्रेन बोल्टचं वॉशर गेलं होतं, तिथून थेंब थेंब गळत होतं. इंजिन वाचलंय. वही आणली, पेनाला दोरा बांधला. पहिली नोंद: खारूताई, ४१,२६० किमी, वॉशर नवं, ऑइल व फिल्टर नवं, हवा चारही टायर आणि स्टेपनी. स्टेपनीत हवा निम्मी पण नव्हती काका.

स्पॅनर:

शाब्बास. स्टेपनीवरचे ते शेवटचे चार आकडे वाचलेत का?

अबोली:

थांबा, डिकी उघडते. ०९१२.

स्पॅनर:

२०१२ चा नववा आठवडा. उद्याच बदला, आणि हात पुसून लिहा.